पुळणीवरची पुस्तकं



शाळेचा निकाल लागला, पेपरांचे गठ्ठे हेडबाईंच्या कपाटात गेले. वर्षाचं तिखट झालं, हळद झाली, कुरडया-पापड गच्चीवरून घरात आले आणि डब्यांत बसले. एवढं झालं की आमच्या घरात एकच विषय सुरू होतो, ‘कोकणात कधी जायचं?’

आमच्या सासूबाईंचं माहेर गुहागर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. कराडहून सकाळी निघायचं, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे गुहागरचा रस्ता. घाट उतरताना धाकटीला हमखास मळमळतं, म्हणून आवळासुपारीची डबी माझ्या हातातच असते. मामांच्या घरापुढे खळं, खळ्यापलीकडे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या बेड्यातून बाहेर पडलं की सुरूचं बन आणि बनापलीकडे पांढरी पुळण. आठ-दहा दिवस राहायचं, आंबे-फणस खायचे, मामींबरोबर आमसुलं घालायची आणि साठं वाळवायची. आणि वाचायचं!

मागच्या महिन्यात एका वाचक-मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, ‘आम्ही यंदा पहिल्यांदाच समुद्रावर चाललो आहोत. बरोबर कुठल्या कादंबऱ्या न्याव्यात? आणि ताई, अगदी खरं सांगा, बाईमाणसाला तिथे वाचायला मिळतं का हो?’

दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त खरा वाटला, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. आपसूक मिळत नाही. मिळवावं लागतं.

वेळ कसा काढायचा

लग्न झाल्यावर पहिल्या मे महिन्यात मी ट्रंकेत चार पुस्तकं भरून नेली होती आणि चारही न उघडता परत आणली. घरात माणसं पंधरा. सकाळी घावन, दुपारी जेवणं, चारला चहा, रात्री पुन्हा जेवणं. समुद्र आगरापलीकडे गाजत असायचा आणि मी चुलीपुढे! एकदा संध्याकाळी पुस्तक घेऊन निघाले, तर हे म्हणाले, ‘अगं, एवढ्या लांब समुद्रावर यायचं आणि पुस्तकात डोकं घालून बसायचं?’ सासूबाईंनीही माजघरातून आवाज दिला, ‘पुस्तकं वाचून पोळ्या होतात का कुणाच्या?’ मी आपली पुस्तक कपाळाला लावल्यासारखं करून परत ठेवून दिलं.

उपाय सुचवला तो मामींनी. त्या म्हणाल्या, ‘आपण चार बायका आहोत. रोज एकीने दुपारनंतर सुट्टी घ्यायची. तिने चहासुद्धा करायचा नाही.’ झालं! मामी, जाऊबाई, वन्सं आणि मी, अशी आळीपाळी ठरली. रात्रीच्या जेवणाला एक पिठलं-भात किंवा कुळथाचं पिठलं ठरलेलं, कोशिंबीर नि पापड मुलांनी करायचे. मुलांना पुळणीवर सांभाळायचं काम पुरुषांकडे. पहिल्या दिवशी पुरुषमंडळी जरा कुरकुरली, पण किल्ले बांधण्यात तीच मुलांपेक्षा रमली! वन्सं त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नुसत्या झोपतात. तेही चांगलंच. सुट्टी म्हटल्यावर तिचं काय करायचं ते दुसऱ्याने सांगू नये.

समुद्रावर कधी बसायचं, हेही सांगून ठेवते. मे महिन्यात दुपारी पुळणीवर पाय ठेवता येत नाही आणि पांढऱ्या कागदावर उन्हाची तिरीप आली की डोळे दुखतात. साडेचारनंतर सुरूच्या सावलीत बसावं. सूर्य बुडतो साधारण सातला, म्हणजे दोन तास नक्की मिळतात. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत मामांनी मला शिकवली. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. सहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळण लांबच लांब मोकळी सापडते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असलं की पुरे! मात्र पौर्णिमा-अमावास्येची भरती मोठीही असते, तेव्हा पुस्तकात कितीही जीव रमला तरी एक डोळा मुलांवर हवाच. आणि मेच्या अखेरीला समुद्र फिरू लागला की मुलांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नये.

आता पुस्तकं

समुद्रावर वाचायची म्हणून मी काही वेगळी यादी केलेली नाही. इतक्या वर्षांत पिशवीतून जी गेली आणि जी तिथे वाचताना घरच्यापेक्षा जास्त आवडली, तीच सांगते.

पहिलं नाव श्री. ना. पेंडसे यांचं. त्यांचा जन्म दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा, १९१३ सालचा. त्यांचा मुलूख हाच. ‘गारंबीचा बापू’ ही कादंबरी १९५२ साली आली. पाणक्या विठोबाचा उनाड मुलगा बापू, गावाने नावं ठेवलेली राधा आणि गावावर हुकूम चालवणारे अण्णा खोत. कॉलेजात असताना मी ती कराडच्या घरी वाचली होती, तेव्हा नुसती गोष्ट वाचली. आगरात बसून वाचताना सुपारी वाळत घातलेली दिसते, आडवळणाने बोलणारी माणसं कानाशी बोलतात आणि एवढ्याशा गावात गावाच्या विरुद्ध उभं राहणं किती अवघड असेल, ते कळतं. पहिलीच कादंबरी न्यायची तर हीच न्या.

दुसरी गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’, १९५५ सालची. कोकणातलं एक गाव हळूहळू कसं ओस पडत जातं, ते अंबूवहिनी आपल्या तोंडाने सांगते. कादंबरी लिहिली आहे पुरुषाने, पण बोलते ती बाई, आणि वाचताना एकदाही खोटं वाटत नाही. तिची झाडंझुडपं, तिची घरगुती औषधं, तिच्या म्हणी! मी एक वही घेऊन बसले होते आणि अडलेले शब्द मामींना विचारत होते. निम्म्या शब्दांचे अर्थ मामींनी हातातलं काम न थांबवता सांगितले. उरलेल्यांसाठी शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना हाक मारावी लागली. त्यांच्यानंतर ते शब्द कोण सांगणार, असं मनात आलं. मामांच्या वाडीतल्या सतरा घरांपैकी नऊ घरांना वर्षभर कुलूप असतं. मे महिन्यात ती उघडतात, जळमटं निघतात, गणपतीत पुन्हा उघडतात, एवढंच.

पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ ही १९८७ सालची दोन खंडांची कादंबरी. जगबुडी नदीकाठच्या खोतांच्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट. तुंबाड नावाचा सिनेमा २०१८ साली आला, पण त्याची गोष्ट अगदी वेगळी, तेव्हा सिनेमा पाहिला म्हणजे पुस्तक कळलं असं समजू नका. हे पुस्तक मात्र पुळणीवर नेऊ नका. हात भरून येतात. पडवीत झोपाळ्यावर बसून वाचायचं, आणि आठ दिवसांत संपेल ही आशाही धरायची नाही. मला दोन मे महिने लागले.

जड वाचून मन दमलं की जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ काढावं. दळवी आरवलीचे, वेंगुर्ल्याच्या बाजूचे. गावातल्या एकेका वल्लीची गंमत अशी सांगतात की, एकटीच हसत बसल्याबद्दल वन्संनी मला विचारलं होतं, ‘वहिनी, बरं आहे ना?’ हसता हसता शेवटी पोटात काहीतरी हलतं, ते वेगळं.

चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही १९६६ सालची. श्याम बेनेगल यांनी तिच्यावर १९७८ साली चित्रपट काढला. देव, श्रद्धा, भय आणि माणसाच्या मनातला काळोख यांचा असा गुंता मी दुसरीकडे वाचला नाही. ही दिवसाउजेडी वाचा. मी रात्री वाचली आणि मग समुद्राच्या गाजेने झोप येईना. ह्यांना उठवून पाणी प्यायला विहिरीपाशी सोबत न्यावं लागलं!

समुद्राच्या काठावर नाही, तर समुद्रातच घडणारी एक कादंबरी आहे, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ साली ती आली. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिंदुस्थानात परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून हाकलून दिलेली ज्यू तरुणी हॅर्टा. मुंबई आली की त्याला उतरायचं आहे, तिला मात्र कुठल्या बंदरात आपलं म्हणून उतरता येईल, हेच ठाऊक नाही. पुस्तक लहानसं, दोन संध्याकाळी पुरणारं. (बेडेकर म्हणजे आपल्या विभावरी शिरूरकरांचे, मालतीबाईंचे यजमान.) मी ते वाचून मिटलं तेव्हा दूर क्षितिजावर एक मोठं जहाज चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

मुलांनाही वाचता येईल असं पुस्तक हवं तर पु. ल. देशपांड्यांचं ‘एका कोळियाने’ घ्या. हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीचं हे मराठी रूप, १९६५ सालचं. म्हाताऱ्या कोळ्याला ८४ दिवस एकही मासा लागलेला नाही आणि तरी तो पुन्हा होडी लोटतो. माझ्या थोरल्याला, सातवीतल्या मुलाला, मी रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मामांबरोबर होड्या लागतात तिथे गेला आणि एका म्हाताऱ्या खलाशाला विचारून आला, ‘आजोबा, तुम्हाला सगळ्यात जास्त किती दिवस मासा मिळाला नाही?’ उत्तर काय मिळालं ते तो मला सांगत नाही. ते म्हणे त्या दोघांतलं आहे.

आणि एक मल्याळी कादंबरी, तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’. १९५६ सालची. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. मी ती इंग्रजीतून वाचली, शब्दकोश शेजारी ठेवून. कोळी समुद्रात गेला की त्याचा जीव घरी असलेल्या बायकोच्या पातिव्रत्यावर असतो, ही त्या किनाऱ्यावरची समजूत, आणि त्या समजुतीत सापडलेली करुत्तम्मा. वाचताना मला राहूनराहून वाटलं, समुद्रात वादळ होणार, नाव उलटणार आणि बोट दाखवणार ते काठावरच्या बाईकडे! समजूत तिकडची, पण असं बोट दाखवणं आपल्याला का अनोळखी आहे?

पुस्तकं जपण्याविषयी थोडं

आता माझी एक फजिती. पाच वर्षांपूर्वी वाचनालयातून आणलेला ‘गारंबीचा बापू’ मी कातळावर ठेवला आणि धाकटीच्या पायात शिंपला रुतला म्हणून धावले. परत येते तो भरतीची लाट कातळावरून गेलेली. पुस्तक सापडलं, पण चिंब! वाचनालयात किंमत भरावी लागली आणि बोलणीही खावी लागली. चूक माझीच होती. पण त्यातून शिकले ते सांगते.

खाऱ्या पाण्यात भिजलेलं पुस्तक तसंच वाळवलं तर मीठ आत राहतं आणि पावसाळ्यात पुस्तक पुन्हा ओल धरतं. म्हणून आधी गोड्या पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्याने कडा आणि पानं हलक्या हाताने टिपून घ्यावीत. मग दर आठ-दहा पानांआड कोरा कागद किंवा टिपकागद घालावा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. कागद ओले झाले की बदलावेत. उन्हात ठेवू नये, पानं वाकडी होतात. वाऱ्यावर, पंख्याखाली उभं करून वाळवावं आणि जवळजवळ सुकलं की पाट ठेवून वर वरवंटा ठेवावा. चार दिवसांनी वाचण्याजोगं होतं.

पण मुळात भिजूच नये म्हणून:

पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालावं आणि वर दुधाच्या मोठ्या पिशवीचं, धुऊन वाळवलेलं, दुसरं कव्हर.

चेन असलेली कापडी पिशवी शिवून घ्यावी. जुन्या छत्रीचं कापड उत्तम, त्यातून वाळू शिरत नाही.

बसायला सतरंजीपेक्षा चटई बरी. झटकली की वाळू गेली.

खुणेला सुरूची काडी घालू नये. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकेची कडा कापून घ्यावी, जाड असते.

घरी परतल्यावर प्रत्येक पुस्तक उलटं धरून, शिवणीपाशी मऊ ब्रशने झाडावं. मग कडुनिंबाचा सुका पाला घालून कपाटात ठेवावं.

वाचनालयात सुट्टीच्या आधी आठवडाभर जावं. मेच्या पहिल्या आठवड्यात चांगली पुस्तकं सगळी बाहेर गेलेली असतात. आणि परतीची तारीख आधीच वाढवून घ्यावी.

मोबाइलवर वाचता येतं, मान्य आहे. पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, खारा वारा त्याला मानवत नाही आणि मुख्य म्हणजे तो वाजतो!

आणि एक अर्धं राहिलेलं पुस्तक

यादीतलं एक पुस्तक मी मुद्दाम शेवटी ठेवलं. पेंडशांचीच ‘रथचक्र’. १९६२ सालची, १९६३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली. कोकणातल्या एका मोठ्या कुटुंबातली सून, नवरा घर सोडून निघून गेलेला. मुलांनी शिकावं, एवढ्या एका इच्छेवर ती घराबाहेर पडते आणि राबते. लेखकाने तिला नाव दिलेलं नाही. पुस्तकभर ती नुसती ‘ती’.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा व्हायचा होता. त्यांना टीव्हीसुद्धा धड दिसत नव्हता. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी चटई घेऊन निघाले, तर म्हणाल्या, ‘मीही येते. घरात बसून काय करू?’ काळा चष्मा लावून, माझा हात धरून आल्या. मी वाचायला लागले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘मनात काय वाचतेस? मोठ्याने वाच की.’

‘पुस्तकं वाचून पोळ्या होतात का?’ हे मला आठवलं, पण बोलले नाही. वाचायला लागले. त्या दिवशी तासभर वाचलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी जाऊबाईंची होती, पण सासूबाईंनीच फर्मान काढलं, ‘हिला चारनंतर मोकळी सोडा, माझं काम आहे तिच्याकडे.’ असे पाच दिवस गेले. त्या समुद्राकडे तोंड करून बसत. मधूनच म्हणत, ‘थांब जरा.’ मी थांबे. मग म्हणत, ‘हं, चालू दे.’

चौथ्या दिवशी मी सहज म्हटलं, ‘आई, बघा ना, एवढ्या मोठ्या पुस्तकात लेखकाने तिला नावच ठेवलेलं नाही.’

सासूबाई म्हणाल्या, ‘नाव कशाला हवंय? माझ्या आईला तरी कुणी नावाने हाक मारली होती?’

आणि मग त्या बोलल्या. चौदा वर्षं मी त्या घरात सून आहे, पण हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की सासूबाईंचे वडील लवकर गेले. ते गेले होते खरे, पण मुंबईला. सासूबाई पाच वर्षांच्या आणि मामा दोन वर्षांचे असताना नोकरीसाठी म्हणून गेले, दोन वर्षं पैसे आले, मग पत्रंही थांबली. पुढे कळलं की तिकडे दुसरं घर झालं आहे. आजींनी लोकांच्या आगरात सुपाऱ्या सोलल्या, लग्नामुंजीत स्वयंपाकाला गेल्या, दळणं दळली. मामांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं. सासूबाईंना मात्र चौथीनंतर शाळेतून काढलं, कारण घरी एक हात कमी पडत होता.

‘मला वाचायला फार आवडायचं गं,’ त्या म्हणाल्या. ‘पुडीचा कागदसुद्धा वाचायची. मग ठरवलं, नको तो नाद. हातात पुस्तक दिसलं की राग यायचा. तुझा नाही, त्या पुस्तकाचा.’

गावातले लोक आजींना शेवटपर्यंत नवऱ्याच्या नावानेच ओळखत. जो माणूस घर टाकून गेला, त्याची बायको म्हणून! मी विचारलं, ‘आई, आजींचं नाव काय होतं?’ त्यांनी नाव सांगितलं. दोनदा सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पण त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी माझ्या वहीत, पडघवलीच्या शब्दांच्या खाली, ते तारखेनिशी लिहून ठेवलं.

पाचव्या दिवशी पुस्तकाची थोडीच पानं उरली होती. मी पान उलटलं आणि सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, ‘पुढचं नको वाचूस. माझ्या आईचा शेवट मी पाहिला आहे. हिचा आज नको.’ आम्ही चटई झटकली आणि घरी आलो. मी एकटीने शेवट वाचू शकले असते. पण वाचला नाही. दोघींनी सुरू केलेलं पुस्तक एकीने संपवू नये, असं मला वाटलं.

आता दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आहे. नव्या चष्म्याने त्यांना स्वच्छ दिसतं. वन्संनी त्यांना मोबाइलवर कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिली. दोन दिवस ऐकून म्हणाल्या, ‘याला थांब म्हटलं तर हे थांबतं, पण का थांब म्हटलं ते याला कुठे कळतं?’ या वर्षभरात दुपारी भांडी घासून झाली की त्या माझ्या कपाटातून एखादं पुस्तक काढून खिडकीशी बसतात. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचतात. परवा मला म्हणाल्या, ‘चौथीतलीच आहे अजून मी.’ मी म्हटलं, ‘आई, मी शाळेत मास्तरीण आहे. पाचवीत घातलं तुम्हाला.’ खुदकन हसल्या.

म्हणून त्या पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला सांगावंसं वाटतं, एखादी कादंबरी अशी न्या की जी मोठ्याने वाचता येईल. कुणाला वाचून दाखवायची ते घरी बसून ठरवू नका. ज्यांचा पुस्तकांवर सगळ्यात जास्त राग आहे, त्यांनाच एकदा समुद्रावर बरोबर घेऊन जा.

आमची पिशवी कालच भरली. मामींसाठी लोणच्याचा मसाला, मुलांच्या टोप्या, आवळासुपारी, चटई, छत्रीच्या कापडाची पिशवी. पुस्तकं मी तळाशी ठेवली होती. आज सकाळी पाहते तो ‘रथचक्र’ वर आलेलं आणि त्याला लग्नपत्रिकेची खूण, अगदी गेल्या वर्षी थांबलो त्याच पानावर. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, ‘शेवट राहिलाय ना आपला. या खेपेला मी वाचेन. तू ऐक.’